बंडोपंतांची नामी लाट

हिंगणघाटच्या एका जिनिंग फॅक्टरीत बंडोपंत हेडक्लार्क होते, पण गावात त्यांना त्या नावानं कोणी ओळखत नसे. गाव त्यांना समुद्रपंत म्हणे. जिथे वेणा नदीला पूर आला की तेवढंच काय ते मोठं पाणी लोकांना दिसायचं, अशा गावात माणसाला हे नाव पडावं, याला कारणही तसंच घडलं होतं.

लढाई संपली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, मालकांनी त्यांना कापसाचे नमुने घेऊन मुंबईला धाडलं होतं. इतक्या लांब आलोच आहोत तर समुद्र पाहून घ्यावा, म्हणून बंडोपंत सकाळी किनाऱ्यावर गेले. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. त्यांनी नवे पंपशू काढून वाळूवर नीट जोडीनं ठेवले, शेजारी नमुन्यांची पिशवी ठेवली आणि पाय ओले करायला पुढे झाले. तेवढ्यात समुद्रच मागे सरकायला लागला. न्हाणीची मोरी उघडल्यावर पाणी जातं तसा. खालचे काळे खडक उघडे पडले, मासे तडफडायला लागले. बंडोपंत समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना वाटलं, समुद्र रोज असंच करत असेल. घरी लहानग्या लीनाला शिंपले न्यावेत म्हणून ते धोतर खोचून त्या उघड्या चिखलात उतरले.

एका कोळणीनं त्यांच्या उपरण्याला हिसका दिला नसता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती ओरडत होती, ते काही त्यांना कळलं नाही, पण तिचा चेहरा कळला. ते तिच्या मागे पळत सुटले. मागून पाणी आलं ते फेसाळत, उसळत नव्हे. नुसतं वर वर चढत आलं, आणि चढतच राहिलं. रस्त्यावर होडी आडवी झाली. पाणी ओसरलं म्हणून काही माणसं आपलं सामान वेचायला खाली गेली, तर दुसरं पाणी आलं. त्यातली सगळी परत वर आलेली बंडोपंतांनी पाहिली नाहीत.

पंपशू गेले, उपरणं गेलं, नमुन्यांची पिशवी गेली. बंडोपंत अनवाणी हिंगणघाटला उतरले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. शेजारचे प्रभाकरराव, फॅक्टरीतले खजिनदार, मान डोलावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे वादळ नाई, पाऊस नाई, अन् समुद्र आपला उठून चालत आला?"

"हो ना. चालतच आला."

"तुमचे जोडे घ्यायले!"

ओसरीवरची माणसं इतकी हसली, की त्या दिवसापासून बंडोपंतांचे समुद्रपंत झाले. पहिली दोन-तीन वर्षं ते चिडून वाद घालत. पुढे त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. मात्र त्या सकाळची भीती काही त्यांना सोडीना. नागपूरला गेले तरी अंबाझरी तलावाकडे ते पाठ करून बसत.

अशा माणसाच्या मुलीनं नवरा पसंत करावा तो नेमका दापोलीकडच्या समुद्राकाठचा.

लीना सेवाग्रामला नई तालीमचं शिक्षण घेऊन आली होती आणि गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. हातानं केल्याशिवाय काही शिकवायचं नाही, ही तिची शिस्त. म्हणून तारयंत्र दाखवायला तिनं वर्ग पोस्टात नेला. तिथे श्रीधर नावाचा तारबाबू नुकताच बदली होऊन आला होता. त्यानं मुलींना कट्ट-कडकट्ट करून प्रत्येकीचं नाव वाजवून दाखवलं. पुढच्या महिन्यात तारयंत्र नीट समजलं नाही म्हणून वर्ग पुन्हा गेला. त्यानंतर वर्गाला समजलं, पण बाईंना समजायचं राहिलं होतं, म्हणून बाई एकट्याच गेल्या.

रुख्माबाईंच्या, म्हणजे लीनाच्या आईच्या, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. पोट्टा शिकलेला, सरकारी नोकरीतला, बोलायला गोड. त्यांनी त्याला रविवारी पोह्याला बोलावलं. बंडोपंतांनाही तो आवडला. पहिली बशी संपेपर्यंत तर फारच आवडला. तो कोकणस्थ आहे हेसुद्धा त्यांनी दुसऱ्या बशीबरोबर पचवलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचं गाव कसं आहे, कोरडं का ओलं?"

"गाव फार सुंदर आहे," श्रीधर म्हणाला. "आमच्या ओटीवर बसलं की थेट समुद्र दिसतो. रात्री तर गाज ऐकतच झोप लागते. मला आता तिकडेच बदली मिळायची आहे."

बंडोपंतांनी बशी खाली ठेवली.

"नाई," ते म्हणाले.

"काय नाई?" रुख्माबाईंनी विचारलं.

"माही पोट्टी समुद्राच्या तोंडात नाई जाणार. दुसरं काही बोला."

"पण बाबा, काऊन?" लीना म्हणाली. "कारण तर सांगा त्यायले."

"कारण सांगितलं की लोक हसतेत."

"मी हसणार नाही," श्रीधर म्हणाला.

मग तिसऱ्या बशीकडे पाहत, खालच्या आवाजात, बंडोपंतांनी ती सकाळ सांगितली. पंपशूंपाशी आल्यावर त्यांनी सवयीनं श्रीधरच्या ओठांकडे पाहिलं. पण श्रीधर पुढे सरकून बसला होता.

"पाणी आधी मागे गेलं होतं ना?" त्यानं विचारलं. "लाटा ओसरतात तसं नाही, सगळंच्या सगळं?"

बंडोपंत चमकले. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "तुमाले कसं माहीत?"

"त्याच दिवशी आमच्या खाडीतही अवेळी पाणी चढलं होतं. होड्यांचे दोर तुटले. मी शाळेत होतो तेव्हा. पुढे तारखात्यात आल्यावर एका वरिष्ठांकडून कारण कळलं. त्या पहाटे तिकडे वर, कराचीच्याही पलीकडे, मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाला मोठा भूकंप झाला होता. त्याचं पाणी सकाळी मुंबईला पोचलं."

"म्हणजे... मी खोटं नाई बोललो?"

"अजिबात नाही. तुम्ही पाहिलंत ते फार थोड्या माणसांनी पाहिलंय."

बंडोपंत उठून आत गेले आणि पाणी पिऊन बाहेर आले. रुख्माबाईंना वाटलं, आता होकार येतो. पण बाहेर येऊन ते म्हणाले, "मंग तर अजिबातच नाई. इतके दिवस मले वाटे, आपल्याले भास झाला असंन. आता तर पक्कं झालं!"

श्रीधरनं लीनाकडे पाहिलं. लीनानं कपाळाला हात लावला.

पण लीना शिक्षिका होती. पुढच्या रविवारी तिनं वडिलांना परसात कुंपणालगतच्या हौदापाशी बसवलं. हा धुण्याचा हौद लांबट होता आणि त्याच्या एका टोकाला कपडे आपटायचा दगड पाण्यात उतरता बसवलेला होता. लीनानं त्या दगडावर चिखल थापून शेंगांच्या टरफलांची घरं मांडली होती. श्रीधर बाह्या सरसावून तयार होता. गंमत पाहायला प्रभाकररावही तोंडात विडा धरून कुंपणापाशी आले.

"या, या, खजिनदार," रुख्माबाई म्हणाल्या. "समुद्र आला हाय आमच्या घरी."

श्रीधरनं आधी पाण्यावर जोरात फुंकर मारली. वर बारीक लहरी उठल्या. "ही रोजची लाट. वारा फक्त वरचं पाणी हलवतो. खाली सगळं शांत असतं." मग त्यानं रुख्माबाईंचा जुना पाट पाण्यात दाबून तळाशी नेला. "आता समजा, हा समुद्राचा तळ आहे. जमिनीखाली खडकाचे मोठे थर एकमेकांना रेटत असतात. रेटता रेटता अडकतात, ताण साठतो, आणि एक दिवस सुटतात. तेव्हा तळ एकदम वर उचलला जातो, नाहीतर खचतो. तळ हलला की त्याच्यावरचं सगळंच पाणी हलतं, वरपासून खालपर्यंत."

"म्हणजे चादर नाई, गादीच उचलली," रुख्माबाई म्हणाल्या.

"अगदी! आणि ते पाणी विमानाच्या वेगानं चौफेर सुटतं. पण गंमत अशी, की भर समुद्रात ते हातभरच उंच असतं. वर होडी असली तर नाखव्याला पत्ताही लागत नाही."

"अन् मंग किनाऱ्यावर इतकं मोठं कसं होते?" बंडोपंतांनी विचारलं. इतका वेळ ते लांब बसले होते, आता आपला बसायचा पाट ओढत हौदाच्या जवळ सरकले.

"पाणी उथळ झालं की पुढचं पाणी हळू होतं. मागचं मात्र अजून वेगात येत असतं. ते पुढच्यावर..."

"थांबा, थांबा!" बंडोपंतांनी हात वर केला. "कापसाच्या हंगामात आमच्या फाटकावर असंच होते. जाम गावच्या रस्त्यानं बैलबंड्या दौडत येतेत, फाटकाशी पहिली बंडी थांबली, की मागच्या तिच्यावर चढतेत. बैल बैलावर, बोजा बोजावर. रस्त्यानं येतांनी काही वाटत नाई, अन् फाटकावर डोंगर होते!"

श्रीधर म्हणाला, "मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं." हे त्यानं जावई व्हायचं म्हणून म्हटलं असेल, पण खरंही होतं.

"याचं नाव काय?" प्रभाकररावांनी विडा गालात सरकवत विचारलं.

"सेवाग्रामला आमच्याकडे एक जपानी बाई पाहुण्या आल्या होत्या," लीना म्हणाली. "त्या सांगत, त्यांच्याकडे याले त्सुनामी म्हणतेत. त्सु म्हणजे बंदर अन् नामी म्हणजे लाट."

"नामी?" बंडोपंत भडकले. "माणसं वाहून नेते, जोडे नेते, अन् तिले नामी म्हणतेत? मंग वंगाळ काय राह्यलं?"

सगळे हसले, आणि पहिल्यांदाच समुद्राच्या विषयावर बंडोपंतही हसले.

"आता बघा हं," श्रीधर म्हणाला आणि त्यानं तळाचा पाट हिसक्यानं वर केला. हौदाच्या मधोमध पाण्याचा फुगवटा उठला. त्या ओढीनं दगडावरचं पाणी आधी मागे गेलं आणि टरफलांच्या घरांसमोरचा चिखल उघडा पडला.

"अरे! गेलं की खरंच मागं!" प्रभाकरराव म्हणाले आणि नीट दिसावं म्हणून कुंपणावरून वाकले.

पाणी परत आलं. घरं गेली, चिखल गेला आणि उरलेलं सगळं प्रभाकररावांच्या तोंडावर बसलं. विड्यासकट ते मागे कोलमडले.

"खजिनदार," बंडोपंत शांतपणे म्हणाले, "पाणी मागं गेलं की पुढे वाकायचं नाई. पळायचं."

बारा वर्षांचं उट्टं त्या एका वाक्यात निघालं. प्रभाकररावांनी तोंड पुसलं, हौदाकडे पाहिलं, आणि माणूस दिलदार म्हणून म्हणाले, "पंत, मले माफ करा. चालतच आलं ते."

लीनाचा धडा मात्र संपला नव्हता. तिनं पुन्हा घरं मांडली, आणि या वेळी पुढे खराट्याच्या काड्यांची दाट रांग रोवली. काही टरफलं तिनं दगडाच्या अगदी वरच्या टोकाला ठेवली. श्रीधरनं पाट उचलला. काड्यांमागची काही घरं वाकडी झाली, काही वाचली. वरच्यांना पाणी लागलंच नाही.

"झाडं लाट अडवत नाईत," लीना म्हणाली, "पण तिचा जोर मोडतेत. खरा उपाय एकच, उंचावर जाणं. जपानात पोरायले शिकवतेत, धरणी जोरानं अन् बराच वेळ हलली, किंवा पाणी मागं गेलं, की कोणाची वाट पाह्यची नाई. ज्यानं त्यानं आपापलं पळायचं. कारण आईलेही माहीत असते, पोरगं पळालं असंन. पोराले माहीत असते, आई पळाली असंन. एकमेकाले शोधायले कोणी मागं फिरलं नाई, की सगळे वाचतेत."

"आणि एक लाट आली म्हणजे झालं असं नाही," श्रीधर म्हणाला. "पुढची मोठीही असू शकते. खाली यायची घाई करायची नाही. तिकडे प्रशांत महासागरात तर आता अशी व्यवस्था आहे, की लांब कुठे भूकंप झाला की लगेच तारा सुटतात. लाट विमानाच्या वेगानं पळते, पण तार तिच्याही पुढे पळते. आपल्याकडे अजून तसं नाही."

"होईन," बंडोपंत म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हौदातलं समजलं. पण मले हौदात नाई द्यायची पोरगी. तुमचं गाव पाह्यतो, मंग बोलतो."

मकरसंक्रांत झाल्यावर बंडोपंत आणि रुख्माबाई श्रीधरबरोबर कोकणात निघाले. मुंबईहून बोटीनं गेलं की प्रवास सुखाचा, असं श्रीधर म्हणाला. बंडोपंतांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचा सगळा प्रवास यष्टीनं, घाटाघाटांतून, रुख्माबाईंच्या ओकाऱ्यांसह झाला.

श्रीधरच्या आईचं नाव द्वारकाबाई. बंडोपंतांना ते ओटीवर पाय ठेवताना कळलं आणि त्यांनी पाय मागे घेतला.

"द्वारका?" ते रुख्माबाईंच्या कानात म्हणाले. "द्वारका तर समुद्रात बुडाली!"

"चूप बसा. बाई ऐकून राह्यल्या."

द्वारकाबाई ऐकत होत्याच. नऊवारी कासोटा घट्ट मारलेल्या, ताठ, बोलायला खणखणीत. "बुडाली, पण त्या आधी कृष्णानं लोकांना बाहेर काढलं होतं हो," त्या म्हणाल्या. "या, पाय धुवा. नारळपाणी घ्या. मग मी तुम्हाला आमचा डोंगर दाखवते. श्रीधरनं सगळं कळवलंय."

घर समुद्राच्या पुळणीपासून फार लांब नव्हतं. पुढे सुरूची आणि केवड्याची दाट रांग, मग माडांची वाडी, मग घर. मागे लगेच डोंगर, आणि वर देवीचं देऊळ. बंडोपंतांनी सुरूची झाडं एक एक करून हात लावून पाहिली. समुद्राकडे मात्र पाहिलं नाही.

"माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून सांगत आलेत," द्वारकाबाई म्हणाल्या, "धरणी हलली की देवळात जायचं. का, ते कोणी सांगायचं नाही. देवीच्या पाया पडायला, असं आम्हाला वाटे."

"पण जाऊन पाह्यलं का कोणी? तालीम केली?"

"तालीम?"

"सगळ्यायनं एकदम. नाटकाची करतेत तशी. मी आमच्या फॅक्टरीत आगीची करतो. घंटा वाजली की हमाल, बाया, सगळे बाहेर. आधी करून पाह्यल्याशिवाय कळत नाई, दार आतून उघडते का बाहेरून."

द्वारकाबाईंचे डोळे चमकले. त्यांना हुकूम सोडायला आवडत असे, आणि आयुष्यात इतका मोठा हुकूम सोडायची संधी त्यांना आली नव्हती. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला निरोप गेला: उद्या सकाळी देवळातला नगारा वाजला, की समुद्र आला असं समजून वर धावायचं. कोणी काही मागे घ्यायला जायचं नाही. नागपूरकडचे पाहुणे बघणार आहेत, वाडीची अब्रू आहे.

सकाळी बंडोपंत ओटीवर चहा पीत होते. रुख्माबाई आत द्वारकाबाईंशी बोलत होत्या. नगारा वाजला. सगळ्यांनी हसत हसत चपला शोधायला सुरुवात केली. बंडोपंतांनी मात्र कप सोडला तो थेट अंगणात. ही तालीम आपणच ठरवली आहे, हे त्या क्षणी ते साफ विसरले. कानात फक्त मुंबईचं ते पाणी घोंगावत होतं. धोतराचा सोगा हातात धरून, अंगणातली बोरीची डहाळी अंगावर घेत, ते डोंगराच्या वाटेला लागले आणि एकदाही मागे न पाहता पळत राहिले.

अर्ध्या चढावर वाट एकाएकी संपली. काजूच्या बागवाल्यानं गुरं येऊ नयेत म्हणून गेल्या वर्षी काटेरी कुंपण घातलं होतं आणि वाट त्याच्या आत गेली होती. एकट्यादुकट्या माणसाला वळसा घालून जाता येई, म्हणून कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. बंडोपंत थांबले नाहीत. ते कुंपणावरूनच गेले. धोतराचा एक तुकडा काट्यांत राहिला. बाकीची वाडी मागून आली आणि कुंपणापाशी तुंबली. पोरं, म्हातारे, एक शेळी, तिच्या मागे तिची मालकीण. मागचे पुढच्यांवर चढले. वरून बंडोपंत ओरडले, "पाह्यलं? पाह्यलं? हेच ते फाटक!"

कोयते आणून कुंपण तोडावं लागलं. मग एकेक माणूस देवळापाशी पोचलं. मागून रुख्माबाई आल्या त्या धापा टाकत आणि लालबुंद होऊन.

"मले टाकून पळाले!" त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं संसार केला, अन् नगारा वाजला तर हा माणूस मागं वळूनही पाह्यत नाई!"

सगळी वाडी बंडोपंतांकडे पाहायला लागली. बंडोपंत फाटक्या धोतरानं पायरीवर उभे राहिले.

"मी नियम पाळला," ते म्हणाले. "लीनानं काय सांगितलं? कोणी कोणाची वाट पाह्यची नाई. मले माहीत होतं, तू पळाली असशीन."

"मी पोळ्यायचं पीठ झाकून राह्यली होती!"

"मंग तू बुडाली," बंडोपंत म्हणाले. "पीठही बुडालं."

लोक पोट धरून हसायला लागले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "पण द्वारकाक्का कुठायत?"

द्वारकाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. त्यांच्या काखेत लोणच्याची भली मोठी बरणी होती. सगळ्यांच्या नजरा बरणीवर खिळलेल्या पाहून त्या तोऱ्यात म्हणाल्या, "एवढ्या मेहनतीनं घातलंय, समुद्राला द्यायचं का?"

"विहीणबाई," बंडोपंत गंभीरपणे म्हणाले, "लोणचं वाचलं. तुमी वाहून गेल्या."

त्यांच्या तोंडून "विहीणबाई" निघून गेलं होतं, हे आधी श्रीधरच्या लक्षात आलं, मग रुख्माबाईंच्या, आणि सगळ्यात शेवटी बंडोपंतांच्या. ते खोकले. मग विषय बदलायचा म्हणून ते वळले, आणि समोर समुद्र होता.

इतक्या उंचीवरून तो निळा आणि सपाट दिसत होता. काठाला पांढरी दोरी सरकल्यासारखी लाट येत होती, जात होती. बंडोपंत देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी एका कोळणीनं मले ओढलं. तिचं नाव विचाराचं राहून गेलं. ती वर आली का मागं राह्यली, तेही मले माहीत नाई."

द्वारकाबाईंनी बरणी खाली ठेवली. "आली असेल," त्या म्हणाल्या. "ज्याला पळायचं कळतं, तो वर येतोच."

काजूवाल्या बागायतदारानं त्याच दुपारी कुंपणात रुंद फाटक करायचं कबूल केलं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, आणि त्याला कुलूप नको, एवढं बंडोपंतांनी त्याच्याकडून देवीसमोर वदवून घेतलं. आणखी एक ठरलं: दर वर्षी देवीच्या जत्रेला नगारा वाजवून सगळ्यांनी एकदा धावत वर जायचं. प्रसाद वरच मिळेल, आणि शेवटच्याला मिळणार नाही. आपल्या वाटणीचं काय, एवढीच द्वारकाबाईंनी चौकशी केली.

लग्न वैशाखात हिंगणघाटला झालं. कोकणातलं वऱ्हाड सकाळच्या गाडीनं स्टेशनवर उतरलं. द्वारकाबाईंनी फलाटावर पाऊल ठेवलं, आणि उघड्या भट्टीसमोर उभं राहावं तसा वारा त्यांच्या तोंडावर आला.

"अगो बाई, कुठे आग लागलीय का?"

"नाई वो," बंडोपंत म्हणाले. "हे तं सकाळचं ऊन आहे. खरं ऊन अजून यायचं आहे."

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वऱ्हाड उतरलेल्या जानवशाच्या दाराला वाळ्याची ताटी लावून वर सारखं पाणी शिंपडलं जात होतं. आत द्वारकाबाई पायाशी पाण्याचं घमेलं ठेवून बसल्या होत्या. समोर बंडोपंत पन्ह्याचा पेला घेऊन उभे होते.

"आमचा समुद्र शंभर वर्षांत एखाद्या वेळेस चढून येतो," द्वारकाबाई म्हणाल्या. "हे तुमचं ऊन दर वर्षी येतं? आणि तरी माणसं राहतात इथे?"

"राह्यतेत. त्याची रीत शिकून घ्यावी लागते." बंडोपंतांनी पाट ओढला आणि ऐटीत मांडी घातली. हिंगणघाटात त्यांचं बोलणं इतक्या भीतीनं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. "पहिली गोष्ट, कान झाकायचे. लू, ही उन्हाची झळ, कानातून शिरते. दुसरी, उन्हातून आल्यावर गटागटा पाणी प्यायचं नाई, जरा बसायचं, मंग प्यायचं. अन् तिसरी, हे घ्या."

त्यांनी खिशातून एक कांदा काढला.

"हा कशाला?"

"जवळ ठेवाचा. लू कांद्याले लागते, माणसाले नाई."

"हे शास्त्र आहे का?" द्वारकाबाईंनी संशयानं विचारलं.

"तुमचं देवीच्या पाया पडणं होतं तसंच आहे," बंडोपंत म्हणाले. "कारण मले माहीत नाई. पण ज्यायच्या जवळ कांदा असते ते उन्हात जास्त फिरत नाईत, एवढं पाह्यलं."

मुहूर्त गोरजाचा होता, तरी मांडवाखाली जमीन तापलेलीच होती. द्वारकाबाई शालूवरून डोक्याला ओला पंचा गुंडाळून, कान झाकून आल्या. हे पाहून फॅक्टरीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण द्वारकाबाई डगमगल्या नाहीत. मंगलाष्टकं सुरू झाली. "सावधान" म्हणताच त्यांनी अक्षता टाकायला पदराची गाठ सोडली, आणि गाठीतून कांदा निसटला. तो घरंगळत अंतरपाटाखाली गेला, लीनाच्या पायाला लागला, आणि लीना इतकी खुदकन हसली की भटजी श्लोक विसरले.

बंडोपंत वाकले. त्यांनी कांदा उचलला, उपरण्यानं पुसला आणि विहीणबाईंच्या हातात परत दिला.

"बांधून ठेवा," ते म्हणाले. "अजून जेवणावळ बाकी आहे."